जमत नाही कुणाला?

"मॅडम, आता मला फोन जमत नाही." नजर अधू होत चाललेली बरीच माणसं पहिल्या भेटीत हेच म्हणतात.

हे गृहस्थ हार्डवेअरचे दुकानदार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसेनासं झालं, आता नळीतून बघावं तेवढंच. फोन नाकाला लावून वाचायचे आणि गिऱ्हाईक आलं की झटकन खिशात. पैसे आले का, ओटीपी काय, सगळं मुलगा बघणार. "माझ्या खात्यात किती आहेत ते घरात सगळ्यांना ठाऊक, मला सोडून."

स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक त्यांच्या फोनमध्ये होतंच. पण "तो आवाज दुकानात सगळे ऐकतील ना!" मग एका कानात इअरफोन. शिकवणी मी घेतली नाही, एका अंध प्रशिक्षकांकडे पाठवलं. काचेवर बोट फिरवायचं, ऐकायचं, हवं ते आलं की दोनदा टॅप. त्या सरांचा फोन इतक्या वेगात बोलतो की मला नुसता खडखडाट ऐकू येतो.

तिसऱ्या आठवड्यात चेहरा पाडून आले. नवं खातं उघडताना अ‍ॅप म्हणालं, चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. चौकट दिसली तर ना! तीनदा बाद. दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये बोट जाईल तिथे नुसतं "बटण, बटण, बटण". "बघा, नाहीच जमत."

मी वहीत मधोमध रेघ मारली. एकीकडे 'मला अजून येत नाही', दुसरीकडे 'त्यांनी नीट केलेलं नाही'. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. डावीकडे दोनच गोष्टी: टॅप हळू पडतो, टायपिंगला वेळ लागतो. उजवीकडे बिननावाची बटणं, चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, डोळे मिचकवणं. मग सांगितलं, की केवायसीच्या याच अडचणीवर 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं त्यात म्हटलंय. "म्हणजे यात माझी चूक नाही?" दोनदा विचारलं त्यांनी. टॅप हळू पडतो ती तुमची, म्हटलं. पहिल्यांदा हसले.

शेवटच्या भेटीला मुलगा बाहेर बाकावर होता. निघताना दारात आला आणि हळूच मला विचारलं, "बाबांनी यूपीआयचा पिन बदललाय का हो?"

बाबा शांतपणे इअरफोनची वायर गुंडाळत होते.