पाण्याला घाबरतो, आता उशीर झाला का?

मे संपत आला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. उन्हाळी सुट्टीत पोहण्याच्या बॅचला घातलेलं मूल आता तलावाचं नाव काढलं तरी रडतं. हे कुटुंब पुण्यातलं: आई, बाबा, सांगलीकडून सुट्टीला आलेले आजोबा आणि पावणेचार वर्षांचा मुलगा. त्याला इथे छोटू म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बॅचच्या पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्याने "काही होत नाही रे" म्हणत त्याला डोक्यासकट बुडवून काढलं होतं. नाकातोंडात पाणी गेलं. पोहणं तर राहिलंच, घरी डोक्यावरून अंघोळही बंद झाली. केस धुवायचे म्हटलं की पठ्ठ्या बाथरूमच्या दाराची कडी धरून बसायचा.

आईची काळजी मात्र वेगळीच. "मॅडम, माझ्या मैत्रिणीची मुलगी सहा महिन्यांची होती तेव्हापासून पाण्यात जाते. व्हिडिओत डोळे उघडे ठेवून पाण्याखाली जाते हो! आम्ही उशीर केला का?"

उशीर झालेला नाही, हे मी आधी सांगून टाकलं. इतकं लहान बाळ पाण्याखाली श्वास रोखतं ते जन्मजात प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. त्याला पोहणं म्हणत नाहीत, आणि वाढत्या वयात ती क्रिया ओसरतेही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पालकांसाठी जे सांगितलं ते मी अनेकांना सांगते: वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही, एक ते चार वर्षांत शिकवण्याचा फायदा होऊ शकतो, पण ते मुलामुलावर अवलंबून, आणि बहुतेक मुलं चौथ्या वर्षाच्या आसपास रीतसर शिकायला तयार होतात. म्हणजे छोटू अगदी वेळेवर होता. तान्ह्या बाळाला कुशीत घेऊन कोमट पाण्यात थोडा वेळ खेळवायला हरकत नाही. पण पाणी साधारण ३२ अंश हवं, आणि आपल्याकडचे बरेचसे तलाव सकाळी गारढोण असतात. बाळाच्या गळ्यात अडकवायच्या फुगीर रिंगा मात्र आणूच नका.

आजोबा इतका वेळ खुर्चीत चुळबुळत होते. "आम्हाला कुणी सल्ले दिले? चुलत्याने विहिरीत ढकललं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, आलं पोहायला!"

ही विहिरीची गोष्ट मी बऱ्याच आजोबांकडून ऐकली आहे, आणि ती नेहमी ढकलण्यापासूनच सुरू होते. म्हणून मी विचारलं, त्याच्या आधी काय व्हायचं? पाठीला काही बांधलं होतं? खाली पाण्यात कोण होतं? आजोबा रंगले. आधीचा अख्खा उन्हाळा ते पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय हलवत थोरल्या पोरांचे मुटके बघत होते. मग पाठीला रिकामा डबा बांधला, डब्याला दोर, दोराचं टोक चुलत्याच्या हातात. तो डबा सुटल्यावर ढकललं, तेव्हाही चुलता आधीच पाण्यात उतरलेला होता. "म्हणजे एकदम नाही ढकललं," आजोबा स्वतःशीच म्हणाले. छोटूला तो पायऱ्यांवरचा उन्हाळा मिळालाच नव्हता.

मग कामाची वाटणी झाली. बाथरूम आजोबांकडे. छोटूच्या हातात मग, आणि समोर त्याचा प्लास्टिकचा हत्ती. आधी हत्तीचं डोकं धुवायचं. हत्तीला साबण झोंबला की पुसायचं. मग आजोबांचं टक्कल. मग छोटूने स्वतःच्या खांद्यावर, मानेवर पाणी घ्यायचं, जमेल तेव्हा डोक्यावर. पाण्याचा मग त्याच्याच हातात राहणार, ही अट मी पक्की केली, कारण पाणी कधी पडणार हे कळत नसल्यानेच तर तो घाबरला होता. शेजारी घमेल्यात तोंड लावून बुडबुडे काढायचा खेळ. खेळ संपला की घमेलं आणि बादली लगेच रिकामी. लहान मूल बादलीतल्या चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, हे घरात कुणालाच खरं वाटत नव्हतं.

बाबांनी दंडाला बांधायचे फुगे आणले होते. ते खेळणं आहे, सुरक्षा नव्हे. निसटतात, आणि मोठ्यांना उगाच निर्धास्त करतात. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. काठावर मोबाइल बघणाऱ्या बापाला पत्ताही लागत नाही. पाण्यात असताना मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच हवं. जुलाब लागले असतील तर तलावाला सुट्टी.

बोलता बोलता आईने सांगितलं की तिला स्वतःला पोहता येत नाही, आणि त्या दिवशी काठावर ती रेलिंग गच्च धरून उभी होती. आई घाबरली आहे हे मुलाला तिच्या चेहऱ्यावरूनच कळतं. मी तिला महिलांच्या बॅचला नाव घालायला सांगितलं. ती हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं, पण गेली.

पावसाळ्यानंतर ते पुन्हा आले. छोटू आता उथळ तलावात बाबांच्या हातात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, पाय आपटतो, आईला "श्वास सोड, श्वास सोड" म्हणून सूचना देतो. तोंड अजून बुडवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बॅचला घालायचं तर शिकवणाऱ्याला आधी काय विचारायचं, हे आम्ही ठरवलं: एका वेळी किती मुलं घेता, तुम्ही पाण्यात उतरता की काठावरून शिट्टी मारता, आणि मूल नको म्हणालं तर काय करता. तिसऱ्या प्रश्नाला "रडू द्यायचं, सवय होते" असं उत्तर आलं, तर फी भरू नका म्हटलं.