वाचकांचे प्रश्न : एआय सांगतंय म्हणून गोळी बंद करायची का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. नातवाने मोबाईलवर एआयचं ॲप टाकून दिलं तेव्हापासून सगळं त्यालाच विचारतात. आता म्हणतात बीपीची एक गोळी बंद केली तरी चालेल असं त्याने सांगितलंय. मी बोलले तर म्हणतात, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्याची उत्तरं बरेचदा बरोबर पण असतात हो, मग भरवसा ठेवायचा की नाही?
– एक सूनबाई, कराड

उत्तर : आधी डॉक्टरांना फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की अचानक बंद केल्या तर बीपी एकदम उसळतं, त्यामुळे हा विषय उद्यावर टाकू नका.

आता भरवशाचं. हे ॲप म्हणजे अफाट मजकुरावर शिकवलेलं मशीन, ते एकापुढे एक शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत वाक्य जुळवतं, म्हणून चुकलं तरी बोलतं मात्र अगदी ठामपणे. तुमच्या सासऱ्यांची किडनी कशी आहे, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार कुठून? शिवाय आपल्या होला हो करायची सवय त्याला असते. "गोळी बंद केली तर चालेल ना?" असं विचारून बघा आणि मग नवीन चॅटमधे "गोळी बंद केली तर काय धोका?" असं विचारा, दोन्ही उत्तरं सासऱ्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवा. बऱ्याचदा सूरच बदललेला दिसतो.

अमेरिकेतली एक केस २०२५ मधे डॉक्टरांच्या जर्नलमधे छापून आलीये. ६० वर्षांच्या एका माणसाला जेवणातलं मीठ बंद करायचं होतं, त्याने चॅटजीपीटीला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड नावाचं, खाण्यासाठी नसलेलं रसायन खायला सुरुवात केली, तेही तीन महिने. शेवटी भास व्हायला लागले, शेजारी विष घालतोय असं वाटायला लागलं आणि तीन आठवडे हॉस्पिटलमधे काढावे लागले. डॉक्टरांनी स्वतः तसाच प्रश्न विचारून पाहिला तर त्यातही ब्रोमाइडचं नाव आलं, पण तुम्हाला हे कशासाठी हवंय असं काही त्याने विचारलं नाही!

म्हणून मी तरी एकच बघते, ते चुकलं तर नुकसान किती. घर झाडणारा रोबो चुकला तर कोपऱ्यात कचरा राहील, बास. औषध, पैसे, कोर्टकचेरी इथे मात्र माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. फोन काढून घेऊ नका हं, चिडतील. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी करायला वापरू देत की खुशाल.

प्रश्न : कंपनीच्या चॅटबॉटने चुकीची माहिती दिली तर जबाबदार कोण?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : माझ्या मते कंपनीच. कॅनडात असंच झालं, एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरात मृत्यू झाला असेल तर तिकिटावरची सवलत प्रवासानंतरही मागता येते. नियम तसा नव्हता. कंपनी म्हणाली चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, पण लवादाने फेब्रुवारी २०२४ मधे ते साफ फेटाळलं आणि भरपाई द्यायला लावली. त्या प्रवाशाकडे चॅटचा स्क्रीनशॉट होता. तुम्हीही काढून ठेवत जा, आणि पैशाचं काही असेल तर कंपनीकडून मेलवर लेखी उत्तर घ्या.