३० नोंदी घेतल्या तरी हिस्टोग्राम नॉर्मल का येत नाही?

तुम्ही प्रतीक्षावेळेच्या ३० नोंदी घेतल्यात, हिस्टोग्रामला (नोंदींच्या स्तंभालेखाला) घंटेसारख्या नॉर्मल आकाराऐवजी उजवीकडे लांब शेपूट आलंय, आणि विचारताय की केंद्रीय सीमा प्रमेय इथे का चाललं नाही.

चाललंय की! तुम्ही ते भलत्याच ठिकाणी शोधताय. प्रमेय नोंदींबद्दल काहीच म्हणत नाही, ते नोंदींच्या सरासरीबद्दल आहे: पुन्हा पुन्हा पुरेशा नोंदी घेऊन सरासऱ्या काढल्या, तर त्या सरासऱ्यांचं वितरण नॉर्मलकडे झुकतं. समष्टीच (ज्यातून नोंदी उचलल्या तो सगळा संच) तिरकी, म्हणजे एका बाजूला लांब शेपटाची, असेल तर ३० काय, ३० हजार नोंदी घ्या, हिस्टोग्राम तिरकाच येणार. उलट तिरकेपणा आणखी ठळक दिसेल. सरासरी मात्र तुमच्याकडे एकच आहे. एका आकड्याचा काय हिस्टोग्राम काढणार?

सरासऱ्या मध्यभागी गर्दी का करतात, ते फाशांवर मोजून बघा. एका फाशावर १ ते ६ सगळे सारखेच संभाव्य, उंचवटा कुठेच नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सरासरी १ येते एकाच प्रकारे, ३.५ मात्र ६ प्रकारे. चार फासे घेतले की १२९६ शक्यता होतात. त्यातही सरासरी १ एकदाच, आणि ३.५ तब्बल १४६ प्रकारे! टोकाची सरासरी हवी तर सगळ्या फाशांनी मिळून कट करायला हवा. मधली यायला लहान-मोठे आकडे एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्याचे मार्ग ढीगभर.

पसाराही आक्रसतो. एका फाशाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) साधारण १.७१, चार फाशांच्या सरासरीचं ०.८५, सोळांच्या सरासरीचं ०.४३. भागायचं ते नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणून सरासरीतली त्रुटी निम्मी करायला नोंदी चौपट लागतात. या सूत्राला समष्टी नॉर्मल असण्याची गरज नाही, नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

‘सरासरी नॉर्मल मानायला ३० नोंदी पुरेत’ हा नियम मात्र फार मनावर घेऊ नका. प्रतीक्षावेळ घातांकी वितरणाची (छोट्या वेळा भरपूर, मोठ्या झपाट्याने विरळ) असेल तर तिची विषमता, म्हणजे तिरकेपणाचं माप, २ असते; ३० नोंदींच्या सरासरीत ती ०.३७ च्या आसपास उरतेच. कॉशी वितरणात (त्याची शेपटं इतकी जड की प्रमाण विचलनच ठरत नाही, म्हणून वरचं सूत्र लागूच पडत नाही) तर लाख नोंदींची सरासरीही एका नोंदीइतकीच विखुरलेली असते.

खात्री करायची असेल तर संगणकाला तुमच्याच ३० नोंदींतून, उचललेली नोंद परत टाकत, ३०-३० नोंदींचे हजार नमुने काढायला सांगा आणि फक्त सरासऱ्यांचा हिस्टोग्राम बघा. शेपूट बरंच आखूड झालेलं दिसेल.