न्यू जर्सी सोडून टेक्सासला गेलं तर घर खरंच स्वस्तात पडतं का?

तुम्ही लिहिलंय की एडिसनचं टाऊनहाऊस विकून डॅलसजवळ फ्रिस्को-प्रॉस्परकडे बिल्डरचं नवं घर घ्यायचंय, आणि टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणजे पैसे वाचणारच ना. वाचतात, पण वाटतात तेवढे नाही. आम्ही हेच केलंय म्हणून सांगते.

दोघांचं मिळून २ लाख डॉलर उत्पन्न असेल तर न्यू जर्सीला वजावटी धरून आठेक हजार जातात, ते सुटतात. पण इथे तोच पैसा घरावरून काढतात. न्यू जर्सीचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल २०२४ मध्ये १० हजारांच्या वर गेलं, त्यामुळे तुम्हाला सवय आहेच, तरी इथे नव्या कॉलनीत मड लागला (पाणी-ड्रेनेजसाठी काढलेल्या बाँडचे पैसे हो, नाव काहीही असो) की एकूण दर अडीच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ६ लाखांच्या घराला सवलतीआधी १५ हजार. सेल्स ऑफिसात काउंटरटॉपचे रंग बघत बसण्याआधी हा दर विचारा.

खरी मेख पुढे आहे. टॅक्ससाठी १ जानेवारीला जे उभं असेल त्याचीच किंमत धरतात, म्हणजे नव्या घराला पहिलं बिल बऱ्याचदा नुसत्या प्लॉटचं येतं, बँक त्यावरच एस्क्रो (टॅक्स-इन्शुरन्ससाठी हप्त्याबरोबर दरमहा घेतात ते पैसे) लावते, हप्ता मस्त दिसतो, आणि नंतर पूर्ण घराचं बिल आलं की मागची तूट आणि पुढची वाढ दोन्ही एकदम, महिन्याला हजारएक डॉलर सहज वाढतात. आमच्या गल्लीत पॉटलकला हेच रडगाणं असतं. त्यामुळे तुलना करताना दुसऱ्या वर्षाचा हप्ता धरा, पहिल्याचा नाही.

इन्शुरन्स पण बघा. इथे गारा पडतात आणि त्याचं डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपण भरायची रक्कम) बहुतेक टक्क्यात असतं, ५ लाखांच्या कव्हरवर २ टक्के म्हणजे छप्पर गेलं तर पहिले १० हजार तुमचे. शिवाय माती आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून फाउंडेशनभोवती पाझरता पाइप टाकून पाणी द्यावं लागतं. बर्फ काढायचा नाही एवढं सुख, पण एसीचं बिल ते वसूल करतं.

न्यू जर्सी सोडताना घर विकलं की लागतो म्हणतात त्या एक्झिट टॅक्सची भीती नको, तो वेगळा टॅक्स नाहीच, विकताना आगाऊ कापून घेतात एवढंच, आणि राहतं घर असेल तर जीआयटी/आरईपी-३ फॉर्म भरून तेही टळतं. घर दुसऱ्याच्या नावावर करताना लागणारी रिअल्टी ट्रान्सफर फी मात्र विकणाऱ्यालाच भरावी लागते, ती हिशोबात धरा.

इथे राहायला आलात की होमस्टेडचा (राहत्या घराच्या सवलतीचा) फॉर्म लगेच भरा, प्रॉपर्टी टॅक्समधल्या शाळेच्या भागासाठी घराच्या किमतीतले १ लाख ४० हजार वगळतात. एप्रिलमध्ये टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या व्हॅल्यूची नोटीस येते, जास्त वाटली तर १५ मेच्या आत प्रोटेस्ट (हरकत) टाका, ऑनलाइन होतं.