बदकाची लहान पिल्लं दिव्याखाली ठेवूनही ओली राहतात आणि कुडकुडतात. बल्ब मोठा लावू का?

तुमची मांडणी अशी दिसते: पुठ्ठ्याचं खोकं, तळाला वर्तमानपत्र, वर 100 वॉटचा बल्ब आणि मधोमध पाण्याची उथळ ताटली. चार दिवसांत 12 पैकी दोन पिल्लं गेली, उरलेली दहा सतत ओली.

बल्ब मोठा लावू नका. ऊब बहुतेक पुरेशी आहे, पण ती वाया जातेय. कोरड्या पिल्लाला 30 अंश सेल्सिअस पुरतात. ओल्याला त्याहून जास्त देऊनही भागत नाही, कारण अंगावरचं पाणी सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातं. शिवाय ओला तळ जास्त तापला की वाफ धरतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि बुरशी वाढते. म्हणून आधी पाण्याची जागा बदला, दिव्याकडे नंतर बघू.

बदकच ते, त्याला ओलं व्हायला काय होतंय, असं वाटणं साहजिक आहे. आईबरोबरचं पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांतच पोहतं. पण त्याच्या लवेला आईच्या पिसांतलं तेल लागलेलं असतं, आणि पाण्यातून आलं की ते तिच्या पंखाखाली शिरून सुकतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही. शेपटीच्या मुळाशी त्याची स्वतःची तेलग्रंथी असते, पण सुरुवातीचे काही आठवडे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पाणी तोडूनही चालणार नाही. बदकाचं पिल्लू दोन घास खातं आणि चोच बुडवायला धावतं. पाण्याशिवाय कोरडं खाद्य घशात अडकतं. नाकपुड्या आणि डोळे धुवायलाही त्याला पाणी लागतं, नाहीतर नाकपुड्या खाद्याने बुजतात आणि डोळे चिकटतात. म्हणजे भांडं चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतकं खोल हवं आणि अंग आत जाणार नाही इतकं अरुंद. उथळ ताटलीत नेमकं उलटं घडतं: नाकपुड्या बुडत नाहीत आणि पिल्लू आत जाऊन बसतं.

झाकणाचा दोन-तीन लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्याच्या बाजूंना चार-पाच सेंटिमीटर व्यासाची तीन-चार भोकं पाडा. भोकाची खालची कड साधारण पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यावी. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर मान खरचटते. पाणी भोकाच्या एक-दीड सेंटिमीटर खालपर्यंत भरा. डोकं आत जातं, अंग बाहेर राहतं. पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यामुळे दर आठवड्याला भोकं मोठी करावी लागतील किंवा नवा डबा घ्यावा लागेल. एखाद्याचं डोकं अडकतंय असं दिसलं तर आठवड्याची वाट बघू नका.

हा डबा भुशावर ठेवायचा नाही. पाच-सहा सेंटिमीटर खोल ट्रेवर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घट्ट बसवा आणि डबा तिच्या मधोमध ठेवा. डब्याभोवती पिल्लू उभं राहील इतकी जाळी मोकळी हवी. पाणी पिऊन झालं की बदक चोच झटकतं. ते थेंब आणि सांडलेलं पाणी खाली ट्रेमध्ये गेलं पाहिजे. जाळीच्या कापलेल्या कडा टेपने झाका, वर चढायला खडबडीत फळीचा उतार द्या. ट्रे दिवसातून दोनदा रिकामा करा, डबा रोज घासा. खाद्याचं भांडं जाळीच्या काठाला लागूनच ठेवा, म्हणजे ओल्या चोचीने चालत जाताना भुसा भिजत नाही. पिल्लं पाण्यात उच्छाद मांडणारच, त्यांना शिस्त लावता येत नाही. भांड्याला लावता येते.

आता खोकं. पुठ्ठा दोन दिवसांत मऊ पडतो, त्याऐवजी प्लॅस्टिकचा मोठा टब किंवा फळ्यांचं कुंपण वापरा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकी अर्धा चौरस फूट, दुसऱ्यात एक आणि त्यानंतर दर आठवड्याला वाढवत जा. दहा पिल्लांना चार फूट बाय तीन फुटांची जागा जेमतेम दोन आठवडे पुरेल. ती लांबट असलेली बरी: एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला पाणी. दिव्याखाली पाणी ठेवणं ही मला दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे.

वर्तमानपत्र आजच काढा. ते भिजत तर राहतंच, शिवाय गुळगुळीत असल्यामुळे पिल्लांचे पाय बाजूला घसरतात आणि फाकलेलेच राहतात. पहिले तीन-चार दिवस जुना टॉवेल किंवा गोणपाट चांगलं, कारण पिल्लू भुसा खाद्य समजून गिळू शकतं. त्यानंतर रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या जाड चकत्या, आठ-दहा सेंटिमीटरचा थर. पिठासारखा बारीक भुसा नको, त्याची धूळ श्वासात जाते. बुरशी आलेलं गवत किंवा पेंढा अजिबात नको. बुरशीचे कण फुप्फुसात रुजले की त्यावर खात्रीचा इलाज नसतो. ओला भाग रोज उचलून टाका आणि वरून कोरडा थर द्या. तळहात दाबून बघा: हाताला ओल लागली तर बदलायची वेळ झाली. वास बघायचा तर पिल्लांच्या उंचीपर्यंत वाकून बघा, कारण अमोनिया तिथे साचतो आणि डोळ्यांना लागतो.

दिव्याचं गणित सोपं आहे. पहिले दोन-तीन दिवस दिव्याखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 32 अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. तुमच्या चार दिवसांच्या पिल्लांना 30 ते 31 पुरे. पाण्याचं टोक मात्र थंड हवं, 22 ते 24 अंशांच्या आसपास, म्हणजे पिल्लू स्वतःच जागा निवडतं. तापमान कमी करायचं म्हणजे दिवा वर घ्यायचा. रोज दोन-तीन सेंटिमीटर चढवलात तरी चालेल. तुमचा 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब बंदिस्त खोलीत दहा पिल्लांना बहुधा पुरेल. एलईडी दिवा ऊब देत नाही, तिथे फसू नका. आणि चिकटू नये म्हणून नॉनस्टिक भांड्यांना देतात तसा लेप असलेला हीट बल्ब कधीच लावू नका. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो.

थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर जास्त विश्वास ठेवा. दिव्याखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर गारठली आहेत. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर विरुद्ध बाजूने झोत येतोय, तो अडवा. वरून मात्र हवा खेळती राहू द्या. पसरून, मान लांब टाकून निवांत झोपलेली दिसली की दिवा बरोबर आहे. थंडीत ढीग करून झोपताना खालचं पिल्लू गुदमरतं, आणि सकाळी एखादं चपटलेलं मिळालं तर लोक उगाच रोग शोधत बसतात.

आगीचा धोका खरा आहे. दिवा त्याच्या वायरवर लटकवू नका. साखळीने टांगा आणि सोबत दुसरी तार बांधा, म्हणजे एक सुटली तरी दुसरी धरेल. बल्बला जाळीचं कवच हवं, होल्डर चिनी मातीचा हवा. वीज गेलीच तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून टबात ठेवा, वरून घोंगडी टाका आणि हवेला फट ठेवा. गडद अंधारात पिल्लं बिथरतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात रात्री मंद उजेड असू द्या.

तुम्ही खाद्य कोणतं देता ते लिहिलेलं नाही, आणि पुढच्या दोन आठवड्यांत अडचण येईल ती तिथेच. पहिले दोन आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचा चुरा, नंतर 16 ते 18 टक्के. बदकाचं खाद्य मिळालं तर प्रश्न नाही. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं खाद्य, देत असाल तर त्यात नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) कमी पडतं. बदकाच्या पिल्लाला किलोमागे साधारण 55 मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लाचं बरंच कमीत भागतं. कमतरता झाली की घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. एक किलो खाद्यात 50 ते 70 ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (बिअरसाठी वापरतात त्या यीस्टची सुकवलेली, मृत पूड) मिसळा. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट वेगळं, ते नको. स्टार्टर औषधविरहित घ्या: बदकाची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त खातात, त्यामुळे औषधाची मात्रा आपोआप वाढते.

बुरसटलेलं खाद्य थोडंही देऊ नका. मका आणि शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधतं, यकृतच निकामी करतं. ओलं कालवलेलं खाद्य दोन-तीन तासांत उचला. बारीक चिरलेला पाला पाण्यावर तरंगत ठेवलात तर आवडीने खातात. पाला सुरू केला की जाडसर वाळूची वाटीही ठेवा. पाव आणि खारट पदार्थ नकोत.

एखादं पिल्लू भिजून गार पडलेलं दिसलं तर आधी ऊब, नंतर खाणं. टॉवेलने टिपा, हेअर ड्रायरच्या मंद गरम हवेने लांबून सुकवा, मग 32 ते 33 अंशांत वेगळ्या खोक्यात ठेवा. मान उचलून स्वतः उभं राहीपर्यंत चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. हुशारी आली की कोमट पाणी दाखवा. पूर्ण सुकल्याशिवाय कळपात परत सोडायचं नाही.

तुमची दोन पिल्लं गारठूनच गेली असावीत. पण सगळं कोरडं करूनही धडधाकट पिल्लं अचानक आडवी पडून, पाय झाडत, मान पाठीकडे वळवून काही तासांत मरू लागली, तर तो बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. सहा आठवड्यांखालच्या पिल्लांत तो झपाट्याने पसरतो. अशा वेळी मेलेलं ताजं पिल्लू घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा, अंदाजाने अँटिबायोटिक देऊ नका. पिल्लं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांना तर हमखास धुवायला लावा. वरून निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

पोहायला सोडायची घाई नको. पहिला आठवडा उलटल्यावर कोमट पाण्यात, पाय टेकतील इतक्या खोलीत, चार-पाच मिनिटं, तुम्ही समोर असताना. बाहेर काढलं की थेट टॉवेल आणि दिवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत छाती-पोटावर खरी पिसं येतात. रात्रीची हवा 20 अंशांच्या आसपास असेल तर साधारण तेव्हा दिवा काढता येतो. थंडी जास्त असेल तर पाठीवरही पिसं भरेपर्यंत, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत थांबा. आधी दिवसा बंद ठेवा, दोन-तीन दिवसांनी रात्रीही. बाहेरच्या खुराड्याला अर्ध्या इंचाचीच जाळी लावा, कारण उंदीर त्याहून मोठ्या फटीतून सहज आत शिरतात.