बुकिंग कन्फर्म, पैसे भरलेले आणि हॉटेल म्हणतं रूम नाही: ते कॅन्सलचं बटण दाबू नका

तुमची पोस्ट वाचली आणि अंगावर काटा आला, कारण हे सगळं मी भोगलंय. रात्री साडेबाराला विमानतळावरून हॉटेलवर पोचलात, हॉटेल बुकिंगच्या पोर्टलवर तिन्ही रात्रींचे पैसे आधीच भरलेले, रिसेप्शनवाला म्हणतो हाउसफुल्ल आहे पोर्टलशी बोला, पोर्टल म्हणतं हॉटेलशी बोला, शेवटी दुसरीकडे दुप्पट पैसे देऊन झोपलात आणि आता कस्टमर केअर सांगतंय की ॲपमधून बुकिंग कॅन्सल करा म्हणजे रिफंड येईल. बाकीचं निवांत वाचा पण एवढं आत्ता ऐका, कॅन्सल करू नका. कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही.

मलाही फोनवर हेच सांगितलं होतं. "मॅडम, हॉटेलकडून कन्फर्मेशन यायला वेळ लागेल, तुम्ही तुमच्या बाजूने रद्द केलंत तर सिस्टीम लगेच पैसे परत टाकेल." आई बरोबर होती, बॅगा फुटपाथवर, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, अशा वेळी माणूस समोरचा सांगतो ते करतो. पुढे त्याच पोर्टलच्या रिफंड विभागाने काय लिहून पाठवलं, तर ग्राहकाने स्वतः बुकिंग रद्द केलं, दर नॉन-रिफंडेबल होता, सबब काही देणं लागत नाही. म्हणजे यांच्याच एका माणसाने सांगितलं आणि यांच्याच दुसऱ्याने ते माझ्या अंगावर टाकलं. कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं तर ते म्हणे अंतर्गत वापरासाठी असतं. प्रत्येक मेलला नवीन माणूस, नव्याने सगळी कहाणी सांगा, तो गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणणार आणि दोन दिवसांनी तक्रार निकाली काढली असा मेसेज येणार. पैसे गेले त्यापेक्षा या फिरवाफिरवीचा मनस्ताप जास्त झाला. मला अजूनही वाटतं की रात्रीच्या शिफ्टला बसवलेल्या माणसाला निर्णयाचा काडीचा अधिकार द्यायचा नाही आणि वर त्याच्याकडून असले सल्ले द्यायचे हा ग्राहकावर सरळ अन्याय आहे.

यात गोम अशी आहे की भांडण शेवटी रेकॉर्डवर काय दिसतं यावरच ठरतं. तुम्ही कॅन्सल केलं तर 'पाहुण्याने रद्द केलं', आणि काहीच केलं नाही तर हॉटेल 'नो-शो' मारून मोकळं होऊ शकतं, म्हणजे पाहुणा आलाच नाही. बऱ्याच हॉटेलांत रात्री उशिरा किंवा पहाटे नाइट ऑडिट होतं, त्यात दिवस बंद करतात आणि जे आले नाहीत ते नो-शोमध्ये जातात. नो-शो लागला की बऱ्याचदा पुढच्या रात्रीही उडतात. तुम्हाला पाहिजे ते तिसरं, 'हॉटेलने रूम नाकारली'. त्यामुळे आजच्या आज पोर्टलला आणि हॉटेलला एकच मेल टाका, दोघांना एकत्र, की अमुक वेळेला काउंटरवर हजर होतो, रूम दिली नाही, बुकिंग मी रद्द केलेलं नाही आणि करणार नाही, पूर्ण पैसे परत हवेत. सोबत टॅक्सीची पावती (तिच्यावर उतरल्याची जागा आणि वेळ असते), रिसेप्शनला केलेल्या फोनचा कॉल लॉग, दुसऱ्या हॉटेलचं त्याच रात्रीचं बिल. लॉबीत काढलेला फोटो असेल तर उत्तमच.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागा, कारण लिहा 'सेवा मिळाली नाही'. मी वकील नाही आणि प्रत्येक बँकेचे फॉर्म वेगळे असतात, पण व्हिसा कार्डांच्या नियमांत या प्रकारच्या वादाला साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणून पोर्टलच्या 'आम्ही बघतोय'वर महिनोन् महिने थांबू नका. माझा निम्मा वेळ तिथेच गेला.

काहीजण म्हणतील की हॉटेलची चुकून गफलत झाली असेल. असेलही. हॉटेल आणि पोर्टलच्या सिस्टीममध्ये रूमचा आकडा वेळेवर अपडेट झाला नाही तर एकच रूम दोनदा विकली जाते. पण ओव्हरबुकिंग, म्हणजे रूम आहेत त्यापेक्षा जास्त बुकिंग घेणं, जाणूनबुजूनही करतात, काही लोक येणारच नाहीत असं धरून. मग सगळेच आले की कुणाला घालवायचं? जो उशिरा आला, एकाच रात्रीसाठी आहे, स्वस्तात पोर्टलवरून आलाय, त्याला. धंद्यात याला पाहुणा 'वॉक' करणं म्हणतात, आणि चांगली हॉटेलं अशा वेळी तोडीच्या हॉटेलात सोय करतात, पहिल्या रात्रीचं भाडं आणि तिथे जायची गाडी स्वतः देतात. ते मागायला लाजू नका, मॅनेजरला बोलवा म्हणा आणि गाडी येईपर्यंत काउंटर सोडू नका. विमानात असं झालं तर युरोपात २००४ च्या २६१ नंबरच्या नियमाने २५० ते ६०० युरो भरपाई बसते. हॉटेलवाल्यांना तितका नेमका नियम तिथेही नाही, त्यामुळे जो मागतो त्याला मिळतं असला कारभार चालतो.

पुढच्या वेळेसाठी माझा आग्रह एवढाच की रात्री उशिरा पोचणार असाल तर निघायच्या दिवशी थेट हॉटेलला फोन करा, पोर्टलला नाही. पोर्टलचा बुकिंग नंबर वेगळा आणि हॉटेलच्या सिस्टीमचा वेगळा असतो, दुसरा मागून घ्या. 'दिसत नाहीये' म्हणाले तर निदान दिवसाउजेडी कळतं. पैसे मिळाले नाहीत म्हणाले तर गडबडू नका, पोर्टलं बऱ्याचदा हॉटेलला एक व्हर्च्युअल कार्ड (पैसे वळते करायला दिलेला नुसता कार्ड नंबर) देतात जे चेक-इनच्या आसपासच चालू होतं, आणि नवख्या रिसेप्शनिस्टला ते माहीत नसतं. मध्यरात्रीनंतर पोचणार असाल तर बुकिंग आदल्या तारखेच्या रात्रीचं लागतं हे तुम्हाला माहीत असेलच.

 

आता ॲप उघडून बघा, बुकिंगसमोर 'कन्फर्म्ड' दिसतंय की 'नो-शो'. नो-शो दिसत असेल तर लगेच स्क्रीनशॉट काढा आणि मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा. पैसे कार्डाने भरलेत की यूपीआयने तेही सांगा, यूपीआय असेल तर तक्रारीचा रस्ता वेगळा आहे.