मूळ संख्या म्हणायचं की अविभाज्य संख्या?

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगा सेमी इंग्लिशला आहे म्हणून तो 'प्राइम नंबर' म्हणतो, त्या स्वतः शाळेत 'मूळ संख्या' शिकल्या, आणि आता सगळ्यात मोठ्या प्राइमबद्दल वाचताना 'अविभाज्य संख्या' असं दिसलं, तर मराठीत नक्की काय म्हणायचं?

ताई, 1 आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, तिला मूळ संख्याच म्हणा. अविभाज्य म्हटलं तरी कळतं, हिंदीतला अभाज्यही त्याच्याच जवळचा, पण तो शब्द फक्त भाग जात नाही एवढंच सांगतो. मूळ म्हटलं की त्याच्या पुढचं कळतं. 60 म्हणजे 2×2×3×5, कुणीही कसेही अवयव पाडा, शेवटी हेच चार हाती येणार, म्हणजे बाकीच्या संख्या ज्यांच्यापासून बनतात त्या या मूळ. आणि 1 चं बघा, त्याला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, मग तो अविभाज्य का नाही असं मुलं हमखास विचारतात. पण 1 ला मूळ मानलं तर 60 च्या अवयवांत हवे तितके 1 घुसवता येतील आणि ते एकाच प्रकारे पडतात हा नियमच मोडेल, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

मुलाला पिनकोडवरून दाखवा. तुमचा 400701, अंकांची बेरीज 12 म्हणजे 3 ने भाग जातोच, 7 नेही जातो, म्हणून संयुक्त. आमचा ठाण्याचा 400601 मात्र मूळ आहे! खात्री करायची तर 632 पर्यंतच्या सगळ्या 115 मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्यापुढे गरज नाही कारण 633 चा वर्गच त्याच्यापेक्षा मोठा होतो.

आता ती मोठी संख्या. 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1, ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकाने शोधलेली, तब्बल 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंकी. इथे भागून बघणं शक्यच नाही. पण 2 च्या घातातून 1 वजा केलेल्या अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात आणि त्यांच्यासाठी लुकास-लेहमर नावाची वेगळी कसोटी आहे, त्यात भागाकार करून अवयव शोधावे लागतच नाहीत. मर्सेन संख्या मूळ निघायला तिचा घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही, 11 मूळ आहे तरी 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि ते 23×89 निघतात.

आणि एक, 'सगळ्यात मोठी मूळ संख्या' असं लिहू नका प्लीज, हे मला मूळ-अविभाज्यपेक्षा जास्त खटकतं. मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय, त्यामुळे 'आजवर सापडलेली सगळ्यात मोठी' असंच म्हणायला हवं.